येळवसचं आवतन

येळवसच्या, म्हणजे वेळ अमावास्येच्या, दिवशी मुरुमला कुणी काम घेऊन जात नाही. त्या दिवशी गावातलं कुत्रंसुद्धा रानात असतं. विरुपाक्षअण्णांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. जन्म इथलाच, वयाची बावीस वर्षं इथंच गेलेली. पण पायाला भिंगरी लागली की माणसाच्या डोक्यातलं पंचांग आधी गळून पडतं, आणि अण्णांच्या पायाची भिंगरी गेल्या दहा दिवसांत एकदाही थांबली नव्हती.

शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमाराला उमरग्याहून आलेल्या बसनं त्यांना मुरुमच्या स्टँडवर सोडलं. बघतात तर काय, सगळी बाजारपेठ बंद. किराणा बंद, कापडवाला बंद, चहाची टपरी बंद. रिक्षा एकही नाही. अण्णा मनाशीच चरफडले. मग हातातली पिशवी खांद्याला अडकवून तडक बलभीमच्या घराकडे निघाले. घराला कुलूप. शेजारच्या घराला कुलूप. त्या शेजारच्याही घराला कुलूप. अण्णांनी तरी दोनदा कडी वाजवली. कुलूप दिसत असताना कडी वाजवणारा माणूस किती उतावळा असेल, ते ज्याचं त्यानं समजावं.

"आता रानातच जावं लागणार," ते स्वतःलाच मोठ्यानं म्हणाले.

त्यांना बलभीमची मुलगी शिवांजली हवी होती. सोमवारी सकाळी नऊ वाजता तिला चाकणच्या एका कारखान्यात रुजू व्हायचं होतं, तपासणी विभागात. नेमणुकीचं पत्र हातात पडून दीड महिना झाला होता. पण दिवाळीनंतर 'आठ दिवसांत येते' म्हणून गावी गेलेली ही पोरगी महिना उलटला तरी पुण्याला परतली नव्हती, आणि दहा दिवसांपासून तिचा फोन बंद होता. सोमवारी ती हजर झाली नाही तर जागा दुसऱ्या कुणाला तरी जाणार. एवढंच असतं तरी अण्णांनी एक वेळ सोसलं असतं. पण मुरुम आणि उमरग्याची पाच घरं डोळ्यांत तेल घालून या एका पोरीकडे बघत होती. 'बलभीमची पोर पुण्यात नीट लागू दे, मग आमच्या पोरीला पाठवतो,' असं त्या पाचही बापांनी अण्णांना तोंडावर सांगितलं होतं. शिवांजली चुकली की पाच दारं लागली, असं अण्णांचं साधं गणित होतं.

आता हे अण्णा कोण? पुण्यात एका कारखान्यात टूलरूममध्ये चौतीस वर्षं काढून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. हडपसरला राहायला. पंधरा वर्षांपूर्वी त्यांनी आपल्या तालुक्यातल्या लोकांचं एक मित्रमंडळ काढलं. उमरगा-मुरुमकडून पुण्यात शिकायला आलेलं पोर स्टँडवर उतरलं की अण्णा त्याला खोली बघून देत, मेस लावून देत, आणि दर रविवारी सकाळी आठला एका मठाच्या हॉलमध्ये बसवून मोजमापाची अवजारं कशी धरायची, साहेबासमोर कसं बोलायचं, बोलता बोलता मान का खाजवायची नाही, हे सगळं शिकवत. फी नाही, काही नाही. पोराला नोकरी लागली की अण्णा जिलेबी आणत. असं चाळीसेक पोरांचं त्यांनी भलं केलं असेल. माणूस भला, यात शंका नाही. फक्त त्यांना माईक लई आवडायचा.

मंडळाचे सणही तसेच दणक्यात. बसव जयंतीची मिरवणूक, दिवाळीचं स्नेहसंमेलन, आणि येळवस. गावाकडची येळवस अमावास्येलाच व्हायची. पुण्यातली मात्र सोयीनं, पुढच्या रविवारी, मांजरीतल्या एका लॉनवर. तिथं कडबा विकत आणून कोपी, म्हणजे खोप, उभारायची, आचाऱ्याकडून ओल्या शेंगा-पालेभाज्यांची भज्जी करून घ्यायची, आणि जेवणाआधी दीड तास सत्काराचा कार्यक्रम. परवाच्या रविवारी शिवांजलीचा सत्कार होता. मंडळानं हात दिलेली ती पहिली मुलगी.

कुलूपबंद घरांच्या गल्लीतून अण्णा बाहेर पडतात तोच मंडळाचा तरुण चिटणीस श्रीशैल याचा पुण्याहून फोन आला.

"अण्णा, बॅनरवर शिवांजलीचा फोटो टाकू ना? छापायला द्यायचंय."

"टाक. मोठा टाक. मी तिला घेऊनच येतो."

"ती भेटली?"

"भेटंल. तू बॅनरचं बघ," म्हणून अण्णांनी फोन खिशात कोंबला आणि पाणंदीची वाट धरली.

पाणंदीच्या दोन्ही बाजूंना पुरुषभर ज्वारी उभी होती. मध्येच तूर, मध्येच हरभऱ्याचा पट्टा. दर दोन बांधांआड कडब्याची कोपी, तिच्यात चुना फासून मांडलेले पांडवांचे पाच दगड, आणि कोपीभोवती माणसंच माणसं. ज्यांनी येळवस पाहिली नाही त्यांना सांगायला हवं: या दिवशी घरचं जेवण रानात असतं, आणि ते फक्त घरच्यांसाठी नसतं. शेजाऱ्यापाजाऱ्यांना, सोयऱ्यांना आदल्या दिवशी आवतन जातं. पण बांधावरनं जाणाऱ्या कुणालाही, ओळख असो नसो, 'या जेवायला' म्हणून हाक मारायची, आणि त्यानंही चार घास खाल्ल्याशिवाय पुढं जायचं नाही, ही रीत. ज्याच्या कोपीत जास्त पंगती उठल्या तो त्या वर्षीचा मोठा माणूस. एकर कुणी मोजत नाही.

अण्णांना नेमकी हीच रीत नडली. पहिल्याच वळणावर लक्ष्मम्माच्या रानातून हाक आली. लक्ष्मम्मा ऐंशीच्या घरातली, अण्णांच्या आईची मैत्रीण. बोलता बोलता कानडीत शिरायची आणि परत मराठीत यायची.

"यारु अदु? कोण, विरुपाक्षा का रे? बारप्पा, ऊटा माडु. जेव आधी!"

"मावशी, घाईत हाय. येताना जेवतो."

"येताना कोण बगितलंय? बस."

बसावं लागलं. पत्रावळीवर भज्जी आली, बाजरीचे वाफवलेले उंडे आले, वांग्याचं भरीत, शेंगाची पोळी, वर पेलाभर ताकातली आंबील. अण्णा इतक्या भराभर जेवले की लक्ष्मम्मा म्हणाली, "कोण पाठीमागं लागलंय का तुझ्या?" घास तोंडात असतानाच अण्णांनी बलभीमचं रान विचारलं. बलभीमनं दोन वर्षांपूर्वी ओढ्यापलीकडचा तुकडा घेतला होता, तो त्यांनी पाहिला नव्हता.

"ओढ्याच्या पल्याड, बाभळीपाशी," लक्ष्मम्मा म्हणाली. "दरसाल त्याचा आमाला सांगावा यायचा. या साली त्यानं कुणालाच आवतन दिलं न्हाय."

"का बरं?"

"मला म्हातारीला काय ठाऊक?" ती दुसरीकडे बघून म्हणाली, आणि अण्णांच्या पत्रावळीवर आणखी एक उंडा ठेवला.

अण्णांनी तो गिळला आणि ते उठले. मनात मात्र काहीतरी टोचलं. येळवसला आवतन द्यायचं नाही? घरात दुखणं-बिखणं तर नाही? की पोरीचं लग्न गुपचूप ठरवलं? हा विचार येताच त्यांचे पाय आणखी झपाझप पडायला लागले. चालता चालता त्यांनी शिवांजलीचा नंबर परत लावला. बंद.

दुसऱ्या एका कोपीत त्यांना ओळखीपाळखीशिवायच खाली ओढलं. तिथं खिचडा होता, त्यावर तुपाची धार. तिथून सुटले तर बिरदेवच्या तावडीत सापडले. बिरदेव अण्णांपेक्षा दहा वर्षांनी लहान, गावातला मोठा थट्टेखोर. त्याच्या कोपीत दहा-बारा जण मांडी ठोकून बसले होते.

"अण्णा! पुण्याचं पावणं! बसा, बसा. कुणीकडं निगालाव?"

"बलभीमकडं."

पंगतीत एकदम खसखस पिकली. एकानं तर तोंडावर उपरणं धरलं.

"मंग हितंच पोटभर जेवून जावा," बिरदेव म्हणाला. "तितं नुसती आंबील मिळंल."

सगळे हसले. अण्णाही हसले. चारचौघांच्या हसण्याला साथ द्यायची त्यांना मंडळामुळे सवयच लागली होती. तिथंही त्यांनी अर्धी भाकर आणि वाटीभर भज्जी पोटात ढकलली. नाही म्हणायला वेळ जास्त लागला असता. ओढ्याकडे उतरताना मात्र ते शब्द त्यांना पुन्हा आठवले. 'नुसती आंबील.' हे शब्द त्यांनी कुठं तरी ऐकले होते.

ऐकले कुठले? बोलले होते. स्वतःच.

दिवाळीच्या स्नेहसंमेलनात तीनशे माणसं होती. शिवांजलीला स्टेजवर शेजारी उभं करून अण्णांनी माईक हातात घेतला आणि त्या दिवशी त्यांना सूर असा काही सापडला म्हणता! "या पोरीच्या घरी दोन वेळची भाकर नव्हती. नुसती आंबील पिऊन ही पोर शिकली! बाप हिला दहावीतच उजवून मोकळा व्हायला निघाला होता. पण ही लढली!" पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. टाळ्या काही केल्या थांबेनात. आता हे सगळं तंतोतंत खरं होतं का? नव्हतं. पण मीठमसाला लावल्याशिवाय भाषण गळी उतरत नाही, असं अण्णांचं मत होतं. आणि भाषण कशासाठी? पोरांना हुरूप यावा म्हणूनच ना? श्रीशैलनं त्या भाषणाची चित्रफीत मोबाइलवर काढून मंडळाच्या ग्रुपवर टाकली होती. तिथून ती मुरुमला पोचायला कितीसा वेळ लागणार.

"छे, छे," अण्णा ओढा ओलांडताना म्हणाले. "बिरदेव काय, कशाचीबी चेष्टा करतो." चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही उगाच नाही. त्यांनी पावलं आणखी उचलली.

बलभीमचं रान बाभळीपाशीच होतं. चार एकरांचा नीट कसलेला तुकडा, हरभरा गुडघ्याला आलेला. कोपी तर सगळ्या शिवारात देखणी. कडब्याच्या पेंढ्या सारख्या कापून बांधलेल्या, दारावर झेंडूची माळ, पांडवांवर नवा चुना. आत भज्जीचं मोठं पातेलं, उंड्यांची दुरडी फडक्यानं झाकलेली, आंबिलीनं भरलेल्या दोन बिंदग्या, खिचडा, धपाटे. चाळीस माणसं जेवून उठतील एवढं अन्न. आणि त्याच्यापाशी माणसं तीन. बलभीम, त्याची बायको तुळजाबाई, आणि शिवांजली.

शिवांजली उभी राहिली. बलभीमही उठला. डोक्याचा टॉवेल काढून त्यानं खांद्यावर टाकला.

"या अण्णा. हात धुवा."

तुळजाबाईनं पत्रावळ मांडलीसुद्धा. पण अण्णांचा सगळा जीव शिवांजलीत होता. पोरगी धडधाकट दिसत होती, गळ्यात मंगळसूत्र नव्हतं, एवढं बघूनच त्यांना हायसं वाटलं आणि घाई दुप्पट झाली.

"नको नको, बलभीमराव, जेवणाचं राहू द्या. माझं झालंय. आधी पोरीशी बोलू द्या."

तुळजाबाईचा पळी धरलेला हात जागच्या जागी थांबला. बलभीमनं बायकोकडे बघितलं आणि तो खाली बसला. अण्णांना हे दिसलं नाही. ते सुरू झाले होते. सोमवारी सकाळी नऊ. चाकणला जायचं म्हणजे हडपसरहून साडेसहाला निघायला हवं. पाच घरं वाट बघतायत. पंधरा वर्षांत पहिली मुलगी. मंडळाची अब्रू. आपल्या भागाचं नाव. संध्याकाळी सहाला उमरग्याहून गाडी आहे, आत्ता निघालो तर मिळेल, कपडे भरायला दहा मिनिटं बास. ते उभ्यानंच बोलत होते आणि बोलता बोलता कोपीसमोर येरझाऱ्या घालत होते. तिघंही ऐकत होते. अखेर अण्णांचाच दम सरला.

"अण्णा," शिवांजली म्हणाली, "मी सोमवारी रुजू होणार हाय."

"हां?"

"तिकीट कवाच काढलंय. रविवारी सकाळी निघणार. बापू येणारेत सोडायला. चिखलीला आत्याच्या नणंदेकडं खोली मिळालीय, तितनं चाकण जवळ पडतं. कंपनीला नवा नंबरबी कळवलाय."

अण्णांच्या छातीवरचा धोंडा उतरला. ते मटकन खाली बसले. "मग अगं बाई, सांगायचं न्हाय का? दहा दिवस माझ्या जिवाला घोर! फोन कशाला बंद ठेवलास?"

"तुमच्यासाठी बंद ठेवलाय."

अण्णांचा हात नकळत खिशातल्या फोनकडे गेला.

"तुमाला वाटलं मी पुण्यातनं पळाले," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "मी पुण्यातनं न्हाय पळाले अण्णा. तुमच्यापासनं पळाले."

ओढ्यापलीकडून कुणाच्या तरी कोपीतला हसण्याचा आवाज आला. बलभीम जमिनीकडे बघत हरभऱ्याचा एक शेंडा चुरत बसला होता.

"आंबिलीचं तुमाला मीच सांगितलं होतं. आठवतंय? वर्गात कुणी तरी म्हणलं, उन्हाळ्यात जेवण जात न्हाय. मी म्हणलं, आमच्या घरी आंबील असती, शाळेतनं आलं की तांब्याभर प्यायचे, मग भाकर नकोच वाटायची. त्याचं तुमी भाकर न्हवती केलंत. आन दहावीत एक स्थळ आलं होतं. ते आणणाऱ्याला बापूंनी बांधावरनंच वाटंला लावलं. हेबी मीच सांगितलं होतं. त्याचं तुमी काय केलंत?"

"अगं, पण ते चांगल्यासाठी... पोरांना हुरूप..."

"मी तितंच उभी होते. तुमच्या शेजारी. सगळे टाळ्या वाजवायले म्हणून मीबी हसले." ती थांबली. "त्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. तुमच्यापेक्षा माझाच."

बलभीमनं हातातला शेंडा खाली टाकला. "डेअरीवर दूध घालायला गेलो की पोरं इचारत्यात, 'बापू, आंबील उरली का?' मी चार म्हशी ठेवतो अण्णा. माझ्या दारात कोण उपाशी ऱ्हायलं, ते दाखवा मला." तो शांतच बोलत होता, पण प्रत्येक शब्द जड होऊन येत होता. "आवतन द्यायला निगालो होतो. वेशीपतुर गेलो आन माघारी आलो. ज्याला म्हणावं जेवायला या, तो हसतच येणार. मंग म्हणलं, नकोच."

अण्णांना कुठं बघावं कळेना. चाळीस पोरं मार्गी लावली म्हणून कॉलर ताठ करून फिरणारा हा माणूस, आज त्याला स्वतःच्या हातांचं काय करावं ते सुचेना. लाज वाटते म्हणजे काय होतं, हे त्यांना वयाच्या साठाव्या वर्षी कळत होतं. कानामागून घाम निघतो, आणि समोरच्याच्या पायांकडेच नजर जाते. पण सवय कुठली सुटते? तेवढ्यातही त्यांना उपाय सुचलाच.

"रविवारी माईकवर सांगतो," ते घाईघाईनं म्हणाले. "सगळ्यांसमोर. चारशे माणसं येणारेत. मी चुकलो म्हणून सांगतो. बलभीमरावांना स्टेजवर बसवतो, शाल देतो, बलभीमराव काय माणूस हाय ते असं सांगतो की..."

"नको!"

शिवांजली इतक्या जोरात म्हणाली की तुळजाबाईसुद्धा दचकली.

"माजं नाव माईकवर घेऊ नका. बापूंचंबी नको. चांगलंबी नको आन वाईटबी नको. बॅनरवर फोटो नको. तुमी चांगलं सांगायला गेलाव तरी ते आमचं ऱ्हात न्हाय अण्णा, तुमचं होतं."

अण्णांकडे उत्तरं पुष्कळ होती, जिभेवर रांग लावून उभी होती. त्यांनी ती एकेक करून गिळली.

"मग मी काय करू?" त्यांनी विचारलं.

पळी अजून तुळजाबाईच्या हातातच होती.

"जेवा," ती म्हणाली.

"तुमच्या पोटात जागा न्हाय, ते मला ठाऊक हाय," बलभीम म्हणाला. "हितनं उंचावरनं सगळं शिवार दिसतं. लक्ष्मम्माकडं जेवलाव, त्या पल्याडच्या कोपीत जेवलाव, बिरदेवकडं जेवलाव. तीन रानांत कुणाला न्हाय म्हणला न्हाय. हितं आल्यावर म्हणलाव, माझं झालंय."

अण्णांच्या तोंडाचं पाणी पळालं. ज्याच्या घरात भाकर नव्हती असं त्यांनी तीनशे माणसांत सांगितलं होतं, त्याच्याच कोपीत येऊन त्याचंच ताट त्यांनी मागं सारलं होतं. आणि तेही असंच, घाईत, न बघता.

ते उठले, बिंदगीशेजारच्या बादलीतल्या पाण्यानं हात धुतले आणि पत्रावळीपुढे मांडी घालून बसले. तुळजाबाईनं वाढलं. भज्जी, दोन उंडे, धपाटा, भरीत, खिचडा, आंबील. पहिला घास घशाखाली उतरता उतरेना. दुसऱ्याला डोळ्यांत पाणी आलं. ते तिखटानं आलं की कशानं, हे अण्णांनी स्वतःलाही विचारलं नाही. पोट टम्म फुगलं होतं. पँटचा पट्टा त्यांनी हळूच एक भोक सैल केला. बलभीम समोर बसून लक्ष देऊन वाढत होता. त्यात सूड नव्हता. येळवसला आलेल्या माणसाला जसं वाढतात तसंच तो वाढत होता, आणि त्यामुळेच ते गिळायला जास्त जड जात होतं.

"आजून एक उंडा?"

"वाढा."

जेवता जेवता शिवांजलीनं विचारलं, "त्या पाच पोरी कोण कोण हायत?" अण्णांनी नावं सांगितली. बिरदेवची पुतणी प्रतीक्षाही त्यांत होती.

"त्यांच्या घरी मी जाते, उद्या," शिवांजली म्हणाली. "माझ्या खोलीत दोघींची सोय होईल. बाकीच्यांचं बघू. रविवारच्या वर्गाला पाठवीन त्यांना. तुमी शिकवता ते चांगलंच शिकवता." मग म्हणाली, "पण त्यांना स्टेजवर उभं करू नका."

"न्हाय करत."

"आन तू?" हा प्रश्न अण्णांच्या ओठावर आला होता. तू येशील का रविवारच्या वर्गाला? पंधरा वर्षं ज्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी गृहीत धरलं होतं, तो विचारायची आज त्यांची हिंमत झाली नाही. त्यांनी तो घासाबरोबर आत ढकलला.

निघताना बलभीम बांधापर्यंत सोडायला आला. नमस्कार केला. पुन्हा या म्हणाला नाही, येऊ नका असंही म्हणाला नाही.

साडेचार वाजून गेले होते. अण्णा ओढा ओलांडून अलीकडे आले तर वाटेवरच बिरदेव, पंगतीतल्या चौघांना घेऊन उभा. जेवण झालेलं, पान जमलेलं, आणि वेळ कसा घालवावा हा प्रश्न.

"काय अण्णा," तो डोळा मिचकावून म्हणाला, "मिळाली का आंबील?"

चौघांचे चेहरे हसायच्या तयारीत होते. अशी जागा, असे ऐकणारे, आणि असा विषय! बलभीमच्या चार म्हशी, ते परत पाठवलेलं स्थळ, त्या पोरीची जिद्द. दहा मिनिटांत त्यांनी या पाचही जणांना रडवलं असतं. भाषणाचं पहिलं वाक्य तयारसुद्धा झालं होतं. त्यांनी दातावर दात धरले.

"मिळाली," ते म्हणाले. "पोटभर जेवलो. आजून चाळीस माणसांचं उरलंय. जावा."

बिरदेवचं हसू अर्ध्यावर थांबलं. "आवतन न्हाय त्याचं."

"येळवसला आवतन कवापासनं लागायलं, बिरदेव?"

बाकीचे एकमेकांकडे बघायला लागले. त्यातला एक म्हणाला, चला घरला. अण्णा वाटेला लागले. पन्नास-साठ पावलं गेल्यावर मात्र त्यांना राहवेना आणि त्यांनी वळून पाहिलं. चौघं माघारी फिरले होते. बिरदेव एकटा ओढ्याच्या काठावर उभा होता, पायातल्या चपला काढून हातात घेतलेल्या, आणि पलीकडच्या कोपीकडे बघत होता. कोपीतून अजून कुणी हाक मारली नव्हती. अण्णांच्या जिभेवर हाक आली, 'जा की रे!' म्हणून. पण रान बलभीमचं होतं, पाय बिरदेवचे होते आणि यात आपलं बोलायचं असं काही उरलेलं नव्हतं, हे त्यांना या खेपेला तरी उमगलं होतं. सहाची गाडी चुकणार हे दिसत असूनही ते तिथंच तोंड मिटून उभे राहिले.